हिचा नव्हे, पण कुणाचा तरी

ते म्हातारे कारागीर खरं तर गळती बघायला आले होते. मित्राच्या फोर्ड मॉडेल टी या जुन्या मोटारीच्या रेडिएटरखाली रोज सकाळी तळहाताएवढा ओला डाग दिसायचा. जुन्या पद्धतीने कथलाचा डाख देणारी माणसं आता शोधून काढावी लागतात, म्हणून त्यांना अगदी गळ घालून बोलावलं होतं. गाडी नुकतीच पुसूनघासून ठेवलेली. पितळेचा तो रेडिएटर असा लखलखत होता की शेडमध्ये शिरल्याबरोबर दुसरं काही नजरेत भरतच नव्हतं. त्यांनी मात्र पितळेकडे फारसं बघितलं नाही. गळतीकडे तर नाहीच. चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले आणि बॉनेटची पुढची कड रेडिएटरच्या पाठीला जिथे टेकते, त्या फटीवरून त्यांनी अंगठा फिरवला. डावीकडून वर, मग वरून उजवीकडे खाली. एका जागी अंगठा थांबला, तिथेच दोनदा मागेपुढे झाला. "रेडिएटर चांगला आहे," ते म्हणाले, "गळती निघेल. पण हा हिचा नाही."

मित्र म्हणाला, "काका, फोर्डचाच आहे. नाव आहे की त्याच्यावर."

"फोर्डचाच आहे. पण हिचा नाही."

एवढं बोलून ते कामाला लागले. रेडिएटर उतरवला, दोन्ही तोंडं रबरी बुचांनी बंद केली, पाण्याच्या हौदात बुडवून आत हवा सोडली आणि बुडबुडे कुठून येतात ते खडूने नोंदवलं. डाख दिला, पुन्हा बुडवला, पुन्हा बघितला. गळती निघाली. ते गेले. मला मात्र ते वाक्य सलत राहिलं. गाडी माझी नव्हती, पण तिच्यावर माझा जीव जडला होता तो त्या पितळी चेहऱ्यापायीच. फोटो काढायला मी कायम समोरूनच उभी राहायचे. वरच्या टाकीवर पत्र्यातून उठवलेली ती लफ्फेदार अक्षरं, खाली उभ्या नळ्यांची दाट रांग, त्यातून आरपार दिसणारी उजेडाची बारीक नक्षी. आणि आता कळलं की मी जिच्याकडे बघत होते ती ही नव्हेच.

मोटारगाडीच्या बाकी कुठल्याही भागाला हा मान मिळालेला नाही. रेडिएटर हा मुळात पोटातला अवयव. इंजिनात जाळलेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा मोठा हिस्सा नुसता बाहेर फेकून द्यावा लागतो, आणि ते काम याच्याकडे. पण वारा लागावा म्हणून त्याला पुढे आणून उभं केलं, आणि अवयवाचा चेहरा झाला. मग कंपन्यांनी त्या चेहऱ्यावर जीव ओतला. बुगाटीचा घोड्याच्या नालासारखा. पॅकार्डचा, वरच्या कोपऱ्यांना विशिष्ट वळण असलेला, जे वळण त्यांनी पुढची कित्येक दशकं सोडलं नाही. मॉरिसचा १९१३पासून १९२६पर्यंतचा गोल डोक्याचा, ज्याच्यावरून गाडीला 'बुलनोज' हेच नाव पडलं. रोल्स-रॉइसचा तो देवळाच्या दर्शनी भागासारखा ताठ रेडिएटर सरळ रेषांचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या कडांना आणि सपाट भागांना किंचित फुगवटा असतो. पुरती सपाट बाजू डोळ्याला आत दबल्यासारखी दिसते, म्हणून ग्रीक देवळांच्या खांबांना जसा बाक देत तसा तो मुद्दाम दिलेला. आणि तो देणारे कारागीर बराचसा हात आणि नजर यांच्याच भरवशावर देत. रेनोने रेडिएटर बरीच वर्षं इंजिनाच्या मागे ठेवला, त्यामुळे तिचं पुढचं तोंड उतरत्या झाकणासारखं. पण त्या नसण्यावरूनही ती लांबून ओळखू यायची.

यातली फ्रँकलिनची गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. ही अमेरिकन कंपनी हवेने थंड होणारी इंजिनं बनवायची. पाणी नाही, म्हणजे रेडिएटर नाही, म्हणजे थंडीत गोठायची भीती नाही आणि चढावर उकळायचीही नाही. गाडी उत्तम चालायची. पण विक्रेत्यांची कुरकुर थांबेना, की ही मोटारीसारखी दिसत नाही. शेवटी १९२५ साली तिच्या तोंडावर एक रेडिएटर बसवण्यात आला, पूर्ण खोटा. आत पाण्याचा थेंब नाही, मागे नळी नाही. ज्यांनी ते इंजिन उभं केलं होतं ते मुख्य अभियंता जॉन विल्किन्सन यांनी त्यापायी कंपनी सोडली. गंमत अशी की आज कुणी १९२५ची फ्रँकलिन मुळाबरहुकूम करायला घेतली, तर तो खोटा रेडिएटरच तिचा खरा ठरतो. विल्किन्सन यांचा राग मला पटतो, आणि तरी ती गाडी बिनरेडिएटरची उभी केली तर ती चूक होईल, हेही पटतं. बरोबर म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही.

त्यानंतर मी रेडिएटरांकडे मागून बघायला शिकले.

समोरून ते सगळे आपापल्या कंपनीचं नाव सांगतात. मागून ते स्वतःचा इतिहास सांगतात. आधी त्याची जाळी, म्हणजे कोअर, बघायची. पहिल्या मोटारी पाणी सरळ उकळू द्यायच्या, वाफ उडवायच्या आणि वाटेत पुन्हा पाणी भरायच्या. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली मर्सिडीजच्या पस्तीस अश्वशक्तीच्या गाडीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात सहा बाय सहा मिलिमीटरच्या ८,०७० नळ्या एकमेकींना झाळलेल्या होत्या. आधी अठरा लिटर पाणी लागायचं तिथे नऊ लिटर पुरू लागलं. अशा पोळ्याच्या कोअरमध्ये नळ्या आडव्या असतात, आणि नळीतून जाते ती हवा. पाणी असतं नळ्यांच्या मधल्या फटीत. पेन्सिलींचा जुडगा टोकांकडून पाहावा तसा तो दिसतो. नळ्यांची तोंडं फक्त रुंदावलेली, तेवढीच एकमेकींना टेकतात आणि तिथेच कथील धरतं. फोर्डच्या टी मॉडेलमध्ये याच्या बरोबर उलटं: उभ्या गोल नळ्यांतून पाणी खाली उतरतं आणि हवा बाहेरून, पातळ आडव्या पात्यांमधून जाते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की टीच्या तोंडावर पोळ्याची जाळी दिसल्याबरोबर कळतं की ही बाहेरून घेतलेली आहे. वाईट असेलच असं नाही; त्या काळात टीसाठी असे बदली रेडिएटर बनवून विकणारे बरेच होते. पण कारखान्यातून ती तशी निघाली नव्हती.

मग रबरी नळ्या जिथे जोडतात ती रेडिएटरची तोंडं. यावर मी कितीही वेळ बोलू शकते. टीसारख्या गाडीत पाण्याचा पंप नाही. अगदी सुरुवातीच्या सुमारे अडीच हजार गाड्यांना तो होता, नंतर काढून टाकला. पाणी फिरतं ते केवळ गरम पाणी हलकं आणि थंड पाणी जड या एका गोष्टीवर. इंजिनातून तापलेलं पाणी आपसूक वर चढतं, वरच्या टाकीत येतं, नळ्यांतून उतरताना निवतं आणि खालून परत इंजिनात शिरतं. हा ओढा इतका मंद असतो की त्याला वाट रुंद लागते. टीची वरची रबरी नळी दोन इंचांची आहे, आणि ती इंजिनाकडून रेडिएटरकडे चढतच गेली पाहिजे. पंपाच्या गाडीचा रेडिएटर आणून बसवला, त्याची तोंडं अरुंद निघाली, तर तो कितीही देखणा असो, पहिल्या चढाला गाडी वाफ टाकेल. पाण्याची पातळी वरच्या तोंडाच्या खाली गेली तरी तेच, कारण मग फेराच तुटतो. म्हणून अनोळखी रेडिएटर हातात आला की आधी तोंडांचा व्यास, ती डावीकडे आहेत, उजवीकडे की मधोमध, आणि वरचं तोंड टाकीच्या कितव्या उंचीवर, एवढं मोजलं तरी निम्म्या गाड्या यादीतून गळून पडतात. उरलेल्या निम्म्या खालच्या कानांमधल्या अंतरावर गळतात. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, ज्या कानांनी तो बसतो, त्यांच्या छिद्रांचं मध्य ते मध्य अंतर. जाळी बदलता येते, टाकी ठोकून सरळ करता येते. ते अंतर मात्र सहसा कुणी बदलत नाही. बदललंच तर नव्या छिद्राशेजारी जुनं बुजवलेलं सापडतं.

रंग आणि चमकही बोलतात, पण जपून ऐकावं लागतं. निकेलच्या मुलाम्याला किंचित पिवळसर ऊब असते. क्रोम निळसर आणि थंड. क्रोम गाड्यांवर आलं ते १९२०च्या दशकाच्या अखेरीस, तेव्हा १९२३च्या गाडीवर निळी चकाकी दिसली तर मुलामा नंतरचा. याचा अर्थ रेडिएटर नंतरचा असा होत नाही, नुसता कातडीचा थर नंतरचा. बिल्ल्यांचं तर विचारूच नका. बेंटलीच्या तीन लिटरच्या गाडीला निळा, लाल आणि हिरवा अशा वेगवेगळ्या रंगांचे बिल्ले होते, साध्या आणि वेगवान प्रकारांप्रमाणे. बिल्ला दोन स्क्रूंनी निघतो. दोन स्क्रूंनी निघणाऱ्या गोष्टीवर गाडीची ओळख ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा टाकीच्या आतल्या बाजूने आरसा घालून पाहावं. बाहेरून घासून सपाट केलेलं जुनं छिद्र आतून कथलाच्या फुगीर टिपक्यासारखं दिसतं, आणि तिथे पूर्वी काय लागलेलं होतं ते कळतं.

पण या सगळ्यांत मला विश्वासाचा साक्षीदार वाटतो तो बॉनेट. रेडिएटर उतरतो, विकला जातो, वितळवला जातो, कारण त्यात तांबं-पितळ असतं. बॉनेट म्हणजे नुसता पत्रा, त्याच्यावर कुणाचा डोळा नसतो. आणि बॉनेटची पुढची कड रेडिएटरच्या पाठच्या आकाराशी बेतलेली असते, मागची कड विंडस्क्रीनखालच्या पत्र्याशी. दोन्ही टोकांना त्याला खोटं बोलता येत नाही.

मॉडेल टीमध्ये ही गोष्ट विशेष उघड आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीवर गाड्या निघाल्या, आणि सगळ्या एकसारख्या असं आपण सहज म्हणून टाकतो. पण १९१६च्या मॉडेलपर्यंत रेडिएटर पितळी, कोनेदार, आणि बॉनेटही तसंच कोनेदार. १९१७च्या मॉडेलपासून पितळ गेलं. काळ्या रंगाचं पोलादी आवरण आलं, बॉनेट मोठं आणि गोलसर झालं. १९२३मध्ये रेडिएटर पुन्हा किंचित उंच झाला आणि खाली एक पत्र्याची झालर आली. शेवटच्या काळात काही गाड्यांना निकेलचं आवरण मिळालं. म्हणजे एका गाडीचे निदान चार चेहरे. यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. पितळी रेडिएटरमध्ये तुम्हाला जे दिसतं तीच पाण्याची टाकी असते, हात लावाल तर तिची ऊब थेट तळव्याला लागते. काळ्यामध्ये दिसतं ते आवरण, टाकी त्याच्या आड. पितळी जास्त सच्चा वाटतो तो यामुळेच, आणि त्या वाटण्यानेच हा सगळा घोळ होतो.

कारण लोकांना पितळ हवं असतं. जुन्या गाड्यांच्या दुनियेत १९१९ ते १९३०च्या गाड्यांना व्हिंटेज म्हणायची जी पद्धत आहे, ती १९३४ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबमुळे रूढ झाली. त्याआधीच्या गाड्यांचा तोरा वेगळा, आणि अमेरिकेत त्या जमान्याला नावच पितळेचं आहे. तेव्हा काळ्या तोंडाच्या टीवर पितळी रेडिएटर चढवला की ती एका दुपारी काही वर्षांनी थोरली होते.

आम्ही गाडी नीट तपासली. टीचा नंबर इंजिनाच्या डाव्या अंगाला, रेडिएटरकडून येणारं थंड पाणी जिथे आत शिरतं त्याच्या बरोबर वर ठोकलेला असतो. मित्राने तिथलं तेलकट कीट लाकडी काडीने खरवडलं, ओल्या फडक्याने पुसलं, आणि टॉर्च आडवी धरल्यावर आकडे वर आले. १९२१चं इंजिन. तेवढ्यावर काही ठरत नाही. इंजिनं बदलली जातात, आणि त्या वर्षांत चासीवर नंबर ठोकत नसत. पण बॉनेट होतं. मागची कड गोल, मूळची, घडीच्या आत जुना काळा रंग अजून शाबूत. पुढची कड कोनेदार, आणि कारागिरांचा अंगठा थांबला होता तिथे रंगाखाली जोडाची उंचवट्याची रेघ. कुणीतरी गोल पत्रा कापून, दाबून, कोनात बसवला होता. रेडिएटरच्या पाठीतून इंजिनामागच्या भिंतीपर्यंत जाणारा आधाराचा रॉडही दोन तुकड्यांचा निघाला, मध्ये आट्यांचा जोड. काम चोख होतं. जोडाच्या कडा कानशीने इतक्या निगुतीने उतरवल्या होत्या की डोळ्याला लागत नव्हत्या, अंगठ्यालाच लागायच्या.

आता या माणसाला काय म्हणायचं? फसवणारा? मला तसं मनापासून म्हणवत नाही. कदाचित त्याच्याकडे काळा रेडिएटर फुटलेला असेल आणि अडगळीत हा पितळी मिळाला असेल. कदाचित गाडी चालू राहावी एवढंच त्याला हवं असेल. कदाचित त्यालाही माझ्यासारखं पितळ आवडत असेल. कागद काहीच सांगत नाहीत. एवढं खरं, की त्याच्या या चुकीच्या रेडिएटरने ही गाडी पुष्कळ वर्षं चालवली. आम्ही इंजिन तापवून जाळीवरून तळवा फिरवला. तुंबलेल्या नळ्यांच्या जागी हाताला थंड पट्टे लागतात. दोनच लागले, कडेचे. बाकी सगळीकडे एकसारखी ऊब. शंभरी ओलांडलेल्या वस्तूच्या अंगात हे बळ असेल तर तिला परकी कसं म्हणायचं, असं मला त्या क्षणी वाटलं. मित्राला उलट वाटलं. तो म्हणाला, "हा इतका चांगला आहे म्हणूनच इथे नको. कुठेतरी एक पितळेच्या काळातली गाडी याच्यावाचून उभी असेल."

हे मला सुचलं नव्हतं. मी सगळा वेळ या गाडीच्या बाजूने विचार करत होते. रेडिएटरच्या बाजूने बघितलं तर तो चुकीचा नव्हताच. तो चुकीच्या जागी होता.

काळं आवरण शोधायला फार त्रास पडला नाही. ती लाखोंनी बनली होती आणि कुणाला नको असतात. जे मिळालं त्याला एका कोपऱ्यात पोचा होता आणि आत गंज, पण आकार शाबूत. मूळ बॉनेटच्या मागच्या कडेवरून आम्ही पुठ्ठ्याचा साचा कापून त्याच्याशी लावून बघितला, आणि वळण जुळलं. आतला कोअर मात्र मेलेला, नळ्या खाऱ्या पाण्याने आणि गंजाने बुजलेल्या. नव्या कोअरचा प्रश्न आला तेव्हा आमचे मतभेद झाले. चपट्या नळ्यांचा कोअर जास्त थंड करतो, कारण तेवढ्याच पाण्याला जास्त पत्र्याचा स्पर्श होतो. गोल नळ्यांचा मुळाप्रमाणे. मी गोल नळ्यांच्या बाजूने होते आणि आहे. टीचं इंजिन वीस अश्वशक्तीचं. स्वच्छ गोल नळ्या त्याला पुरतात, पूर्वी पुरल्याच होत्या. ती उकळते ती बहुधा बुजलेल्या नळ्यांनी, चुकीच्या वेळेवर लावलेल्या स्पार्कने किंवा पंख्याच्या सैल पट्ट्याने. दोष तिथे असताना जाळी बदलून तो झाकणं मला पटत नाही. एका बाबतीत मात्र आम्ही दोघं लगेच एक झालो: आधुनिक दाबाचं झाकण कधीही नाही. या रेडिएटरांचा जादा पाण्याचा मार्ग उघडा असतो. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो, पण दाबाने तो त्याच्या कितीतरी आधी शिवणीत उलतो.

नव्या तोंडाची गाडी बाहेर काढली तेव्हा मला ती साधी वाटली. थोडी उदासही. समोर उभं राहून फोटो काढावा असं तिच्यात काही नव्हतं. मग बाजूने गेले. रेडिएटरच्या खांद्यापासून निघालेली रेघ बॉनेटवरून, मग विंडस्क्रीनखालच्या पत्र्यावरून, न अडखळता दारापर्यंत जात होती. पितळी रेडिएटर असताना मी बाजूने कधी बघितलंच नव्हतं, कारण बघण्याजोगं सगळं पुढे होतं. आता ती गाडी सगळीकडून एक होती. तरीही पितळाची सर तिला नाही, हे मी अजून म्हणते, आणि मित्र त्यावर काही बोलत नाही.

पितळी रेडिएटर त्याने विकायला काढला नाही. १९१५-१६च्या घडणीची, स्वतःच्या बॉनेटची, बिनतोंडाची गाडी ज्याच्याकडे असेल त्यालाच द्यायचा, असं ठरवून ओळखीच्या जुन्या गाडीवाल्यांत त्याने शब्द टाकला. बरेच जण बोलले. भिंतीवर टांगायला हवा होता कुणाला, कुणाला १९२४च्या टीवर चढवायला. त्यांना तो नम्रपणे नाही म्हणत राहिला. परवा एकाने निरोप धाडला. पाठीमागचं आधाराच्या रॉडचं छिद्र शाबूत आहे का, त्यातले आटे गेले तर नाहीत ना, आणि कानांमधलं अंतर मध्य ते मध्य किती, एवढंच त्याने विचारलं होतं, आणि सोबत स्वतःच्या बॉनेटच्या पुढच्या कडेचे, फूटपट्टी लावून काढलेले फोटो होते. मित्राने लगेच रेडिएटर उताणा पाडला आणि मला मापाची टेप धरायला बोलावलं.